मॉडेल रेल्वेला मार्क द्यायचे तर नेमके कशाचे? (परभणीच्या प्रदर्शनासाठी सल्ला हवाय)

काळीमाती (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. परभणीत दिवाळीच्या सुट्टीत छंदवाल्यांचं प्रदर्शन भरतंय, नाणी, तिकिटं, बोन्साय वगैरे असतंच, पण या खेपेला मॉडेल रेल्वेचं वेगळं टेबल ठेवायचं ठरलंय आणि परीक्षक म्हणून माझं नाव घातलंय, कारण इकडं हा नाद असलेले मोजकेच आणि त्यातले बाकीचे सगळे स्पर्धेत उतरणारेत.

आता माझी अडचण अशी की मागं एका प्रदर्शनात (कुठलं ते सोडा) पहिला नंबर सरळ लाइटिंगला गेला. डोंगर, बोगदा, धबधबा, एलईडी सगळं झकास होतं, गाडी मात्र खोक्यातून काढून रुळावर ठेवलेली. शेजारी एका पोरानं पुठ्ठ्याचा मालडबा केला होता, त्याचे रिव्हेट मागच्या बाजूनं सुईनं टोचून एकेक उमटवलेले, त्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. म्हणून यंदा आधी तक्ता ठरवून जायचंय.

अमेरिकेत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन आहे, १९३५ पासूनची, त्यांचा मार्कांचा तक्ता मी बघितला. बांधणीला ४०, बारकाव्यांना २०, अस्सल गाडीशी मेळ बसतो का त्याला २५, रंगकाम आणि अक्षरं २५, आणि तयार भाग न वापरता स्वतः बनवलं त्याचे १५. एकूण १२५. त्यात ८७.५ किंवा त्याच्यावर गेलात की मेरिट अवॉर्ड. मला आवडलेली गोष्ट म्हणजे इथं पहिला-दुसरा-तिसरा नाही, दहा जण ८७.५ च्या वर गेले तर दहाही जणांना मिळतं आणि कुणीच नाही गेलं तर कुणालाच नाही. आपल्याकडं हा तक्ता जसाच्या तसा चालेल का? काय बदलाल?

मीटरगेज_पूर्णा
काळीमाती भाऊ अभिनंदन आणि सहानुभूती दोन्ही. परीक्षक झालात म्हणजे गावातले निम्मे दोस्त कमी झाले समजा 😄

तक्ता चांगलाय पण मला एक खटकतं. पाच खाने आहेत आणि त्यात 'चालते कशी' हा खानाच नाही. अहो रेल्वे आहे ना ती. रूळ सोडून उतरणारं इंजिन कितीही देखणं असलं तरी काय करायचं त्याचं.

काळीमाती
बरोबर आहे, मलाही ते विचित्र वाटलं. पण त्यांचं म्हणणं बहुतेक असं असावं की हा तक्ता एकट्या मॉडेलच्या कारागिरीचा आहे, चालवण्याचं, वायरिंगचं, रूळ टाकण्याचं कौतुक त्यांच्याकडं वेगळ्या प्रकारात होतं. त्यांच्याकडं एकूण ११ प्रकार आहेत आणि त्यातले ७ पूर्ण केले की मास्टर मॉडेल रेलरोडर म्हणतात.

वाळूज_टर्नर
मी आयुष्यभर लेथवर जॉब केले आणि पास-रिजेक्ट बघितलंय, त्यामुळं माझं ऐका. फिनिश नंतर, आधी फिटिंग बघा. डबा सपाट काचेवर ठेवा, चारही चाकं टेकतात का बघा. एक चाक जरी अधांतरी असलं तरी चौकट पिळलेली आहे, वरून किती का रंग मारला असेना. मग डब्याला डोळ्याच्या उंचीवर धरून छताची कड आणि खालची कड समांतर आहे का बघा. कोपऱ्यात नख फिरवा, सांधा लागतो का. कापलेल्या पट्टीची बर, म्हणजे कडेला उरलेली खरखर, काढलीय का. सोल्डरचा गोळा राहिलाय का पातळ वाहून बसलंय. फेव्हिक्विकचा पांढरा धूर बसलेला लगेच दिसतो, खिडकीच्या काचेवर तर हमखास, ते दिसलं की माणसानं घाई केली हे कळतं.

व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घेऊन जा. चाकांच्या जोडीचं आतलं अंतर, म्हणजे या चाकाच्या आतल्या बाजूपासून त्या चाकाच्या आतल्या बाजूपर्यंत, एचओमध्ये, म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेलमध्ये, साधारण साडेचौदा मिलिमीटर पाहिजे. बहुतेक गाड्या रूळ सोडतात त्या ह्याच्यामुळंच, रुळामुळं नाही.

लातूरचीताई
टर्नर काका भारी लिहिलंय, हे सगळं कागदावर उतरवून परीक्षकाच्या हातात दिलं पाहिजे.

माझा मुद्दा 'अस्सल गाडीशी मेळ' ह्या २५ मार्कांचा. भारतीय गाडी बनवणाऱ्याला इथं आधीच मार खावा लागतो. बाजारात रूळ मिळतात ते १६.५ मिमीचे, ते मुळात १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आपला ब्रॉडगेज १६७६. एचओ म्हणजे १:८७ नं भागलं तर १९.२ मिमी यायला पाहिजे. ओओ म्हणजे १:७६ घेतलं तर २२. म्हणजे १६.५ च्या रुळावर आपला डबा ठेवला की तो पुढून बघताना अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. आता ह्याचे मार्क कापायचे का? कापले तर सगळ्यांचेच कापावे लागतील, कारण स्वतःचे १९.२ चे रूळ टाकणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

बार्शीलाइट
ताईंनी माझ्या आवडीच्या ठिकाणी हात घातलाय, आता मी थांबत नसतो.

ब्रॉडगेजवाल्यांनी रडत बसावं, आमच्या बार्शी लाइटवाल्यांची मजा आहे. बार्शी लाइट म्हणजे आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे, तिचा गेज ७६२ मिमी. ८७ नं भागा, ८.७५ येतात. आणि एन स्केल ह्या अजून लहान मापाचे रूळ जे सगळीकडं मिळतात ते ९ मिमीचे. म्हणजे चूक फक्त पाव मिलिमीटरची, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. तेव्हा लातूरच्या माणसानं काही करायचंच असेल तर हेच करावं. १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आत्ताचं कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ ला लातूरपर्यंत आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं सगळं ठरवून केलं होतं, एका अक्षावर ५ टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही म्हणजे हलके रूळ पुरतात. म्हणून सुरुवातीची इंजिनं बघा, किटसननं बांधलेली, आठ चाकं जोडलेली आणि मागं अजून चार, वजन वाटून टाकलेलं. आता एखाद्यानं बार्शी लाइट म्हणून सहा चाकांचं कुठलंतरी तयार टँक इंजिन रंगवून आणलं तर मी बांधणीचे मार्क देईन पण मेळाचे देणार नाही. तिथं चाकं मोजली की कळतं माणसानं फोटो बघितलाय का नाही.

मीटरगेज_पूर्णा
बार्शीवाले साहेब मीटरगेजचं पण बघा की. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, आणि टीटी ह्या दोन्हींच्या मधल्या मापाचे रूळ १२ मिमीचे मिळतात. आमचंही जवळजवळ बसतंय. मनमाड सिकंदराबाद सगळी लाइन मीटरगेजच होती, निजामाच्या काळातली, आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून वायपी ह्या वाफेच्या इंजिनाच्या शिट्टीचं कौतुक. ८७१ वायपी बनल्या आपल्या रेल्वेसाठी, म्हणजे फोटो न मिळायला काही कारण नाही.

खडीवाला
सगळे मोठमोठं बोलायलेत, मी आपला खडीचा विषय काढतो, माझं दुकानच त्याचंय.

रुळाखालची खडी कुणी बघत नाही, आणि नकली तिथंच उघडं पडतं. रेल्वेची खडी ६५ मिमीपर्यंतची असते. ८७ नं भागा, पाऊण मिलिमीटर. आता लोक काय करायलेत, क्रशरवरून चुरी आणायलेत आणि चहाच्या गाळणीनं गाळून टाकायलेत, दोन मिलिमीटरचा दाणा. म्हणजे खऱ्यात १७४ मिमी, नारळाएवढा दगड. असल्या दगडावर रूळ टाकला तर खरा गँगमन नोकरी सोडून पळंल. आपल्याकडचा दगड काळा बेसाल्ट, इथलीच चुरी बारीक चाळणीनं चाळून, मग कापडानं झटकून धूळ काढली की तीच सगळ्यात अस्सल, बाहेरून पाकीट मागवायची गरज नाही. पण चाळायला पाहिजे. कंटाळा न करता चाळलीय का नाही एवढं बघून मला माणूस कळतो.

काळीमाती
खडीवाले भाऊ तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून टेबलावर लावणार आहे 😂

स्पीडपोस्ट
मला एक प्रामाणिक प्रश्न आहे, रागावू नका. ज्याच्याकडं पैसे आहेत त्यानं बाहेरून वीस-पंचवीस हजारांचं इंजिन आणलं, त्याच्यावर मेहनत घेऊन धूळ, गंज, काजळी असं वेदरिंग केलं, तर ते कारागिरीत धरायचं का नाही? आणि ज्याच्याकडं थ्रीडी प्रिंटर आहे त्यानं फाइल डाउनलोड करून डबा छापला तर तो 'स्वतः बनवलेला' का? कारण मग ज्याच्याकडं मशीन तो शहाणा असं होईल.

वाळूज_टर्नर
फाइल डाउनलोड केली असेल तर ते किट विकत घेतल्यासारखंच. फाइल स्वतः काढली असेल, डब्याचं ड्रॉइंग शोधून, मापं काढून, भिंत किती जाड ठेवायची म्हणजे वाकणार नाही हे ठरवून, तर ते शंभर टक्के त्याचं काम. मी सीएनसीवर काम केलंय, प्रोग्रॅम लिहिणारा आणि बटण दाबणारा ह्यात फरक असतो हे मला कुणी सांगायची गरज नाही. प्रिंटच्या रेषा घासून काढल्यात का ते मात्र बघा. छतावर पायऱ्या दिसल्या तर मार्क कापा, फाइल कुणाची का असंना.

काळीमाती
अमेरिकेच्या तक्त्यात त्यांनी ह्याचा बंदोबस्त बऱ्यापैकी केलाय. 'शून्यातून' ह्या खान्याला १२५ पैकी फक्त १५ मार्क आहेत. म्हणजे तयार किटवर कुणी अप्रतिम काम केलं तरी त्याला ११० पर्यंत जायची वाट मोकळी आहे. आणि पूर्ण शून्यातून म्हणायचं असेल तर ९० टक्के भाग स्वतःचे हवेत पण चाकं, मोटर, गिअर, कपलर असल्या गोष्टी त्यात धरत नाहीत. मला हे न्यायाचं वाटतं. मोटर घरी गुंडाळत बसा असं कोण म्हणेल.

स्पीडपोस्ट, वेदरिंगबद्दल: ते रंगकामाच्या २५ मध्ये येईल. बाकी खान्यांत त्यानं काय केलं ते विचारायचं. कंपनीनं केलेल्या कामाचे मार्क कंपनीला.

लातूरचीताई
वेदरिंगवर बोलायचंच तर एक सांगते. लोक एअरब्रश घेतात आणि सगळा डबा एकसारखा तपकिरी करून टाकतात, त्याला मळलेला डबा म्हणत नाहीत, तपकिरी डबा म्हणतात. खरा निळा आयसीएफ (जुन्या धाटणीचा) डबा बघा कधी फलाटावर उभं राहून. खाली बोगीजवळ, म्हणजे चाकांच्या चौकटीजवळ, ब्रेकच्या ठोकळ्यांची तांबूस धूळ बसलेली असते आणि ती वर वर जाताना विरळ होत जाते. खिडक्यांच्या खाली पाण्याचे ओघळ, उभे. दाराच्या दांड्यावर मात्र रंग घासून चकचकीत कारण तिथं रोज हजार हात लागतात. घाण कुठून येते हे ज्याला माहीत त्याचं वेदरिंग बरोबर येतं.

आमच्याकडची एक कल्पना देते कुणी करणार असेल तर. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली ती. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. तेलाचे टँकर होते ते, कोट्याच्या वर्कशॉपात धुऊन काढलेले. आता विचार करा वेदरिंग कसं करायचं, तेलाचे काळे ओघळ ठेवायचे का धुतलेला दाखवायचा? ज्यानं ह्याचा विचार केलाय त्याला मी डोळे झाकून २५ पैकी २० देईन. त्या उन्हाळ्यात लातुरात होतो आम्ही, त्या गाडीचं मॉडेल बघून रडूच येईल मला, ते जाऊ द्या.

नंबरप्लेट
अक्षरांचा विषय कुणी काढला नाही म्हणून काढतो. आयसीएफ डब्यावर पाच आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे तो कोणत्या साली बनला त्याचे, मागचे तीन डब्याच्या प्रकाराचे. म्हणजे ९८ नं सुरू झाला तर १९९८ चा. स्लीपरला मागचे तीन आकडे दोनशे-तीनशेच्या घरात, जनरलला चारशेच्या पुढं. आता मी एका ठिकाणी एलएचबी (नव्या धाटणीचा) डबा बघितला मॉडेलचा, लाल-करडा, काम झकास, आणि नंबर ९४ नं सुरू. एलएचबी भारतात जर्मनीहून आले तेच मुळी २००० मध्ये! त्याला छान वाटला तो आकडा म्हणून टाकला असणार. इथं मार्क कापायचे का? मी म्हणतो कापायचे, पण एकच, कारण अक्षरं सरळ रेषेत होती आणि बारीक होती आणि 'दमरे' (दक्षिण मध्य रेल्वे) हे देवनागरीत स्वच्छ वाचता येत होतं, ते जमवणं किती अवघड आहे हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. घरच्या प्रिंटरवर पांढरा रंग छापतच नाही, निळ्या डब्यावर अक्षर आणायचं म्हणजे एकतर बाहेर छापून आणा नाहीतर मास्क कापून फवारा.

स्पीडपोस्ट
बापरे एवढं खोलात परीक्षक जाणार असेल तर आमची पोरं पळून जातील. शाळेतली पोरं सनबोर्डची गाडी करून आणणार त्यांना तुम्ही ९४ आणि ९८ विचारणार का?

काळीमाती
नाही हो. पोरांचा गट वेगळाच ठेवतोय आणि तिथं आकडे नाहीतच, फक्त एक चिठ्ठी देणार, काय आवडलं आणि पुढच्या वेळी काय करून बघ. खरं सांगू तर मला मोठ्यांनाही तीच द्यावीशी वाटते आणि आकडा फक्त पाकिटात. आकड्यानं माणूस भांडतो, चिठ्ठी मात्र घरी जाऊन परत वाचतो.

मीटरगेज_पूर्णा
वळणाचं काय ते सांगा. माझ्या टेबलावर १८ इंच त्रिज्येची वळणं आहेत, त्याच्यावर एलएचबीचा २७० मिमीचा डबा वळला की त्याचं मधलं पोट आतल्या बाजूला इतकं सरकतं की पलीकडच्या रुळावरच्या गाडीला घासतंय. मार्क कापणार का?

बार्शीलाइट
कापले तर सगळा परभणी जिल्हा बाद होईल. ब्रॉडगेजचं सगळ्यात कडक वळण १७५ मीटर त्रिज्येचं. ८७ नं भागा, दोन मीटर त्रिज्या! म्हणजे नुसतं गोल फिरायला चार मीटर रुंद खोली. कुणाच्या घरात आहे? वळणाला सगळ्यांना माफी द्यायला पाहिजे, जसं गेजला. पण घासत असेल तर ती माफी नाही, रुळांमधलं अंतर वाढवायचं होतं किंवा छोटे डबे घ्यायचे होते. आयसीएफ घ्या, २४५ मिमी आहे, इंचभर तरी कमी पडतो.

वाळूज_टर्नर
हेच म्हणतो मी. जे जागेमुळं, पैशामुळं, बाजारात मिळत नाही म्हणून झालं त्याला मार्क कापू नका. जे हातामुळं झालं त्याला कापा.

काळीमाती
काका हे एक नंबर. मी असं करतोय मग, वाचा आणि शिव्या घाला:

प्रत्येकानं मॉडेलसोबत एक पान द्यायचं. काय बनवलंय, कोणत्या काळातलं, कोणता फोटो बघून, काय विकत घेतलं, काय हातानं केलं. फोटो नसेल तर मेळाच्या २५ मधले निम्मेच मार्क मिळतील, कारण मी कशाशी ताडून बघू? हे अमेरिकेतही असंच आहे, कागद नाही तर त्या खान्यात मार्क द्यायला परीक्षक बांधील नाही. त्याउलट कुणी लिहून दिलं की मी काल्पनिक स्टेशन केलंय, 'आमचं गाव, रेल्वे आलीच नाही ते' (बीड शहराला २०२५ पर्यंत रेल्वे नव्हतीच, म्हणून बीडवाले येणारच आहेत हे घेऊन, मला माहितीये 🙂), तर त्याला कल्पनेत ताळमेळ आहे का एवढंच बघणार.

बांधणीचे ४० मी ३० करतोय आणि १० चालण्याला देतोय. हळू चालवायचं, एकदम रांगत, सांध्यावरून (गाडी रूळ बदलते तिथून) पुढं आणि मागं, डबे मागं ढकलत. वेगात सगळ्याच गाड्या चालतात. ज्याचं मॉडेल नुसतं शोभेचं आहे त्यानं तसं पानावर लिहायचं, मग त्याचे ४० चे ४० बांधणीला.

लाइटिंगला शून्य. म्हणजे वाईट नाही, पण वेगळं बक्षीस ठेवा, प्रेक्षकांनी मत द्यायचं. लोकांना धबधबा आवडतो तर आवडू द्या की.

लातूरचीताई
मान्य. फक्त परीक्षक एकटा नको, तिघं असू द्या आणि तिघांनी आधी वेगवेगळं लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर पहिला जो जोरात बोलतो त्याचेच मार्क तिघंही देतात, वक्तृत्व स्पर्धेत हेच बघत आलेय मी.

खडीवाला
माझ्याकडून खडीला एक मार्क तरी ठेवा राव.

काळीमाती
बारकाव्याच्या २० मधले २ खडीला. खुश?

खडीवाला
लै खुश. चाळलेली चुरी पाच किलो फुकट पाठवतो स्पर्धकांना, मग बघू कोण नारळ टाकतंय.

नंबरप्लेट
तिसरा परीक्षक मी व्हायला तयार आहे, माझी एंट्री नाहीये यंदा. पण प्रमुख पाहुण्यांना नंबर काढायला लावू नका हात जोडून विनंती, त्यांना प्रेक्षकांचं बक्षीस वाटायला द्या.

मीटरगेज_पूर्णा
चाचणीसाठी एक सरळ रूळ आणि दोन सांधे मी आणतो, १६.५ चे. बारा आणि नऊचे कुणाकडं आहेत? आणि कंट्रोलर हळू चालवणारा पाहिजे, माझा जुनाय, तो एकदम झटका देऊन सुटतो, त्याच्यावर रांगायची परीक्षा घेतली तर सगळेच नापास.

बार्शीलाइट
नऊचे माझ्याकडं. कंट्रोलर पण आणतो. बाराचे तुम्हीच बघा, मीटरगेजवाले तुम्ही.